सुगंधी जिरेनियम : केपपासून बालाघाटापर्यंत

सुगंध म्हटला म्हणजे प्रथम फुलांची आठवण होते. परंतु सुवासिक पानांची आवडहि महाराष्ट्रांत जुनीच आहे. वेणींतला मरवा, चैत्रांत देवास वाहिला जाणारा दवणा आणि अंगणांतली तुळस हीं त्याचीं घरोघरचीं उदाहरणें होत. याच पंक्तीस अलीकडे बीड जिल्ह्यांत एक परदेशी पाहुणा येऊन बसला आहे. त्याचें नांव जिरेनियम.

या पाहुण्याची कुळकथा मोठी मौजेची आहे. त्याचें मूळ घर आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास, केपच्या मुलुखांत. पूर्वेकडील व्यापाराचीं गलबतें त्याच वाटेनें जात-येत असत. इ. स. १६३१ मध्यें जॉन ट्रेडस्कंट या इंग्रज उद्यानतज्ज्ञानें या कुळांतील एक जात पॅरिसहून मिळविली. रात्रीं दरवळणाऱ्या त्या झाडास ‘रात्रीं सुवास देणारें हिंदी जिरेनियम’ अशा अर्थाचें लॅटिन नांव पडलें. ज्याचा हिंदुस्थानाशीं कांहीं संबंध नव्हता, तें झाड केवळ व्यापाराच्या वाटेमुळें हिंदी ठरलें! पुढें १७८९ मध्यें लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें या वनस्पतींस ‘पेलार्गोनियम’ हें स्वतंत्र नांव दिलें. पण लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें.

याचा सुवास फुलांत नसून पानांत असतो. पानांवरील सूक्ष्म केंसांच्या टोंकांस तेलाच्या ग्रंथि असतात. हात लागतांच त्या फुटतात व वास सुटतो. कोणा जातीस लिंबाचा, कोणास पुदिन्याचा, तर कोणास गुलाबाचा गंध येतो. गुलाबाचें अत्तर अतिशय महाग असल्यानें त्या गंधाच्या जातीस व्यापारांत महत्त्व आलें. फ्रेंचांनीं रियुनियन बेटांत तिचे मळे वाढविले. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती दक्षिण हिंदुस्थानांत येरकाडच्या डोंगरांवर आली. आज भारतांत लागवडीस असलेल्या एका इजिप्शियन वाणास तर ‘केळकर’ असें अस्सल मराठी नांव आहे.

थंड डोंगरांवरचें हें झाड लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेच्या प्रयत्नांमुळें मैदानांतहि उतरलें. मराठवाड्यांतील कांहीं शेतकऱ्यांनीं तें आपलेंसें केलें. गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत आणि उसाच्या मानानें त्यास पाणी फार थोडें लागतें. पावसाच्या छायेंत पडलेल्या ज्या जिल्ह्यांतून दरवर्षीं सहस्रावधि कुटुंबें ऊसतोडीसाठीं परमुलखांत जातात, तेथें या दोन गुणांची किंमत वेगळी सांगावयास नको.

बागेंत तें लावूं इच्छिणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें. येथें त्यास बहुधा बी धरत नाहीं. म्हणून शेंड्याकडील वीतभर लांबीची, तीन-चार पेरांची फांदी घ्यावी, खालचीं पानें काढावीं आणि ती वाळूमिश्रित मातींत सावलींत लावावी. सुमारें दीड महिन्यांत मुळ्या धरतात. नंतर रोप उन्हांत न्यावें. काळ्या जमिनींत पाणी सांचलें कीं मुळ्या कुजतात. यास्तव गादीवाफा किंवा तळाशीं भोंक असलेली कुंडी बरी. पावसाळा हाच त्याचा खरा वैरी. म्हणून त्या चार महिन्यांसाठीं कांहीं रोपें आडोशास जपून ठेवावीं.

लागवडीनंतर चार महिन्यांनीं पहिली कापणी मिळते. परंतु हजार किलो ओल्या पाल्यापासून तेल निघतें तें अवघें किलो-दीड किलो. शिवाय जवळ भट्टी नसेल तर तो पाला नुसता पालाच राहतो. रियुनियनचा इतिहास येथें बोधप्रद आहे. एके काळीं जगास तेल पुरविणारें तें बेट इजिप्त व चीन यांचा माल येतांच मागें पडलें. तेव्हां रोपासाठीं कर्ज काढण्यापूर्वीं भट्टी कोठें आहे आणि तेल घेणारा कोण आहे, हे दोन प्रश्न शेतकऱ्यानें अवश्य विचारावे.

बीड शहरानजीक निजामशाहीच्या काळांत बांधलेली खजाना विहीर आहे. तिच्यांतील पाणी भुयारी पाटानें शेतांकडे नेलेलें आहे. थोडें पाणी योजनेनें वापरलें तर दुष्काळी भूमींतहि हिरवळ टिकते, हें त्या बांधणाऱ्यांनीं जाणलें होतें. नव्या सुगंधाची शेती टिकावयाची असेल, तर तिलाहि हीच योजकता लागेल.