किती झाले किलोमीटर?

सायकलला कॉम्प्युटर कशाला लागतो, हा प्रश्न आमच्या पिढीला पडणारच. आमच्या लहानपणी सायकलला घंटी, कॅरियर आणि फार तर डायनामो, एवढाच काय तो थाट. किती लांब गेलो हे पोटऱ्या सांगायच्या. आता भाच्याने पातळ टायरची, वाकड्या हँडलची रोड बाइक घेतलीय आणि त्याला हँडलवर काय लावू हा प्रश्न पडलाय. हजार-दीड हजारात मिळणाऱ्या डबीपासून साठ-सत्तर हजारांच्या नकाशेवाल्या यंत्रापर्यंत सगळं बाजारात आहे. "मामा, कोणता घेऊ?" असं त्याने विचारलं आणि मी नेहमीप्रमाणे सरळ उत्तर देण्याऐवजी इतिहासात शिरलो. पण मंडळी, उत्तर खरंच तिथेच आहे. बघा पटतंय का.

चाकाचे फेरे मोजून अंतर काढायची युक्ती सायकलपेक्षा जवळजवळ दोन हजार वर्षांनी जुनी. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या खंडात असं एक यंत्र वर्णन केलंय. गाडीचं चाक असं घ्यायचं की एका फेऱ्यात साडेबारा फूट जाईल. चारशे फेरे झाले की पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल. दात्यांच्या चक्रांची रचना अशी की चारशे फेऱ्यांनंतर एक खडा खाली पितळी भांड्यात पडणार, टण्ण! संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की खडे मोजायचे. आज हँडलवर जो आकडा दिसतो, तो म्हणजे हेच भांडं. खड्यांची जागा आकड्यांनी घेतली, एवढंच.

सायकलसाठी हे भांडं नेटकं बनवलं ते कर्टिस व्हीडर या अमेरिकन माणसाने. १८९५ साली त्याचा 'सायक्लोमीटर' बाजारात आला. पुढच्या चाकाच्या आखाजवळ बसणारी अंगठ्याएवढी डबी. चाकाच्या एका तारेवर छोटी खिट्टी. दर फेऱ्याला ती खिट्टी डबीच्या चांदणीसारख्या चक्रीचा एक दात पुढे ढकलायची आणि आत शून्य ते नऊ आकड्यांच्या चक्र्या फिरायच्या. अठ्ठावीस इंची चाकाचे एका मैलाला साधारण ७२० फेरे होतात, म्हणून डबीतली दात्यांची गणितं त्या मापाची. चाक वेगळं असेल तर डबी वेगळी घ्यायची! आज आपण चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये भरतो. तेव्हा तो घेर पितळेत कोरलेला असायचा.

पुढे याच कंपनीचं एकत्रीकरण होऊन 'व्हीडर-रूट' झाली आणि १९३०च्या दशकात त्यांनी पेट्रोल पंपासाठी लिटर (तिकडे गॅलन) आणि पैसे एकाच वेळी दाखवणारं आकडेयंत्र बनवलं. त्याला तेव्हाही 'कॉम्प्युटर'च म्हणायचे! जुन्या पंपांवर टकटक फिरणारे पांढरे आकडे आठवतात ना? ते सायकलच्या डबीचे वंशज.

पण आकडा मिळाला म्हणून तो खरा कोण मानणार? इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते.

१९३८ साली बिली डोव्ही (नंतरचं आडनाव फ्लेमिंग) या इंग्लिश तरुणीने ठरवलं की वर्षभर रोज सायकल चालवायची. खंड नाही. तीन गिअरची साधी रज-व्हिटवर्थ सायकल, मागे एक बॅग. वर्ष संपलं तेव्हा आकडा होता २९,६०३.७ मैल, म्हणजे साडेसत्तेचाळीस हजार किलोमीटरच्या वर. रोजची सरासरी ८१ मैल. सायकलवर मीटर होताच, पण नुसता मीटर पुरावा म्हणून चालत नव्हता. ती छापील कार्डं बरोबर ठेवायची, त्यावर वाटेतल्या माणसांच्या सह्या घ्यायची आणि ती कार्डं 'सायकलिंग' नावाच्या साप्ताहिकाकडे पाठवायची. म्हणजे आकडा यंत्राचा, पण शपथ माणसांची. स्त्रियांचा हा विक्रम तब्बल २०१६पर्यंत टिकला. बिलीबाई स्वतः शंभर वर्षं जगल्या आणि २०१४ साली गेल्या.

तिच्या पाठोपाठ १९३९ मध्ये टॉमी गॉडविन या गड्याने वर्षात ७५,०६५ मैल घातले. रोजचे दोनशेच्या वर! त्यात शेवटचे चार महिने महायुद्ध सुरू झालेलं, रात्री इंग्लंडभर दिवे बंद. तो विक्रम मोडायला २०१६चा जानेवारी उजाडावा लागला. कर्ट सर्व्होगेल या अमेरिकन सायकलवाल्याने ७६,०७६ मैल केले. पण त्याचे मैल सह्यांच्या कार्डांवर नव्हते, उपग्रहांच्या नोंदींवर होते. पाऊणशे वर्षांत साक्षीदार बदलला तो असा.

मधली पायरी इलेक्ट्रॉनिक्सची. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी 'रीड स्विच' शोधला होता. काचेच्या नळीत दोन पातळ पत्र्या. चुंबक जवळ आला की चिकटतात, दूर गेला की सुटतात. तो मुळात टेलिफोनसाठी. तारेवर चुंबक, पुढच्या चिमट्यावर स्विच आणि हँडलवर छोटा एलसीडी, असा संसार १९८०च्या सुमारास जमला. जपानच्या कॅटआय कंपनीचा पहिला सायकल कॉम्प्युटर १९८१चा. ताशी ३० किलोमीटरने जाताना हा स्विच सेकंदाला चारदा उघडझाप करतो. दोन झाकांमधल्या वेळेवरून वेग, एकूण झाकांवरून अंतर. बस्स. यात कसलीही जादू नाही, आणि म्हणूनच तो इतका भरवशाचा.

त्याला एकच गोष्ट खरी सांगावी लागते, चाकाचा घेर. ७०० बाय २३ टायरसाठी तक्त्यात २०९६ मिलिमीटर असतं, ७०० बाय २८ साठी २१३६. चुकून दुसरा आकडा पहिल्या टायरला भरला तर शंभर किलोमीटरला जवळजवळ दोन किलोमीटर फुकटात! तक्त्यापेक्षा उत्तम म्हणजे टायरमध्ये नेहमीची हवा भरून, सायकलवर स्वतः बसून, व्हॉल्व्ह खाली असताना जमिनीवर खडूची खूण करायची, एक पूर्ण फेरा सरळ पुढे जाऊन दुसरी खूण करायची आणि मधलं अंतर टेपने मोजायचं. व्हिट्रुव्हियसने हेच केलं असतं.

मात्र या पिढीच्या यंत्रांचा एक दोष होता आणि तो मला यंत्राचा कमी, तत्त्वज्ञानाचा जास्त वाटतो. व्हीडरच्या डबीतला आकडा पितळेत होता. पुसायचा म्हटला तरी पुसता यायचा नाही. इलेक्ट्रॉनिक आकडा सेलच्या मेहेरबानीवर. आमच्या सकाळच्या कंपूतल्या एका काकांच्या मीटरवर सतरा हजारांच्या वर किलोमीटर जमले होते. निवृत्तीनंतरचे सगळे. दुकानात सेल बदलला आणि पडद्यावर शून्य. काका हसले, "पाय तर तेच आहेत" म्हणाले. पण दोन-तीन दिवस फिरायला आले नाहीत. नंतरच्या बऱ्याच यंत्रांत जुना आकडा हाताने भरायची सोय आली. पण आपणच भरलेला आकडा आणि यंत्राने मोजलेला आकडा मनाला सारखा वाटत नाही, हेही खरं.

मग आला जीपीएस. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत असे, शंभरेक मीटर इकडेतिकडे. तो बिघाड काढल्यावर हँडलवरच्या जीपीएसला अर्थ आला. गार्मिनची 'एज' मालिका २००५-०६ची, तर नोंदी जगाबरोबर वाटायचं स्ट्राव्हा २००९चं. गंमत अशी की हे यंत्र चाक मोजतच नाही. आपण ठरावीक क्षणांना कुठे होतो ते ठिपके टिपतं आणि ठिपके जोडतं. सरळ रस्त्यावर छान. घाटातल्या वळणांवर ठिपके विरळ पडले की ते कोपरे कापतं, बोगद्यात तर आंधळंच होतं. म्हणून महागडं यंत्र घेणारेही हबला वेगाचा सेन्सर गुंडाळतात. म्हणजे फिरून खड्यांच्या भांड्याकडेच!

आणि आकडा राहतो कुठे? आता तो डबीत नाही, सेलच्या दयेवरही नाही, दूर कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर. २०१८च्या जानेवारीत लक्षात आलं की स्ट्राव्हाने छापलेल्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या व्यायामाच्या वाटांमुळे लष्करी तळांचे आराखडे उजळून दिसताहेत. २०२०च्या जुलैमध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिनच्या सेवा काही दिवस बंद होत्या आणि जगभरचे लोक आपलेच किलोमीटर बघायला ताटकळले. साक्षीदार ताकदवान झाला, पण आपल्या घरचा राहिला नाही.

एक उलटी गोष्टही सांगायला हवी. १९८९च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्सायहून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर, घड्याळाशी शर्यत. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने आपल्या चमूला सांगून ठेवलं, वाटेत मला कुठलेही वेळेचे आकडे सांगू नका. जीव तोडून गेला आणि सगळी स्पर्धा ८ सेकंदांनी जिंकला. कधी कधी आकडा न बघणं हीसुद्धा निवड असते.

आपल्याकडेही सह्या-शिक्क्यांची ती जुनी रीत संपलेली नाही. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत अशा लांबच्या फेऱ्यांमध्ये, स्वाराजवळ कार्ड असतं आणि ठरलेल्या ठिकाणी त्यावर वेळेची नोंद करून घ्यायची असते. तुमचा मीटर २०४ दाखवो नाहीतर १९७, मान कार्डाला. मीटर फक्त पुढचं वळण किती लांब आहे ते सांगायला.

तर भाचेबुवा, कोणता घ्यायचा? आधी स्वतःला विचार, आकडा कोणासाठी हवाय. रोजच्या पन्नास किलोमीटरला वेग आणि अंतर हवं असेल, तर चुंबकवाली साधी डबी पुरे. वायरवाली असली तर आणखी बरं, एक सेल कमी आणि सिग्नलचं लफडं नाही. घ्यायच्या आधी एवढंच बघ की सेल बदलल्यावर एकूण आकडा टिकतो का, निदान पुन्हा भरता येतो का. अनोळखी रस्त्यांवर लांब जाणार असशील, तर नकाशावाला जीपीएस घे, पण एका चार्जवर किती तास चालतो ते किमतीच्या आधी बघ, आणि आपल्या नोंदींची फाइल उतरवून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायची सोय आहे ना, तेही. घराच्या दारापासून नोंद सुरू होत असेल तर ते ठिकाण लपवायचं सेटिंग पहिल्या दिवशी लाव. आणि नुसतं मित्रांना दाखवायचं असेल, तर खिशातला फोन काय वाईट आहे?

यांतलं काहीही घेतलंस तरी एक दोन रुपयांची गोष्ट जोडीला ठेव. दर महिन्याच्या शेवटी एकूण आकडा वहीत उतरवून काढ, तारखेसकट. बिलीबाईंच्या कार्डांसारखा. सेल संपेल, कंपनी बदलेल, पासवर्ड विसरशील. वही राहील.