इंजेक्शन न देणारा डॉक्टर : गावच्या दवाखान्याचा दर्जा कशावरून ठरवावा?

१/
गावचा डॉक्टर चांगला की वाईट, हे आपण कशावरून ठरवतो? हाताला गुण आहे, लगेच सुई टोचतो, रात्री उठून येतो, पैशांसाठी अडवत नाही. या कसोट्या खोट्या नाहीत, परंतु अपुऱ्या आहेत. हे मला इतिहासाच्या वर्गाआधी घरातच शिकावे लागले. आजचा थ्रेड त्याविषयी : नायगाव, निजामाचे राज्य आणि १९५३ सालची कोकणातील एक दुर्घटना. 👇

२/
मी नायगावचा, जिल्हा नांदेड. काही वर्षांपूर्वी एका सायंकाळी आजोबांचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात उचलेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "इथे वेळ घालवू नका. आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या." सुई नाही, सलाईन नाही. घरच्यांना वाटले, यांना काही कळलेच नाही. आजोबांना दुसऱ्या दवाखान्यात नेले. तिथे रात्रभर सलाईन चालले. नांदेड गाठले ते दुसऱ्या दिवशी. आजोबा वाचले, हात मात्र परत आला नाही.

३/
मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्या सायंकाळी सर्वांत मोलाचा उपचार कोणता होता, तर ती चिठ्ठी. आम्ही तिला उपचार मानलेच नाही. असे का झाले असावे?

४/
उत्तरासाठी थोडे मागे जाऊ. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे वैद्यकीय विद्यालय १८४६ साली सुरू झाले आणि प्रारंभी तेथील शिक्षण उर्दूतून होते. आधुनिक वैद्यक आपल्या भागात आले ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या वाटेपेक्षा हैदराबादच्या वाटेने. मात्र ती सारी व्यवस्था राजधानीभोवती दाटलेली होती. गावाच्या वाट्याला वैद्य, हकीम आणि सुईण.

५/
ब्रिटिश हिंदुस्थानातही चित्र फारसे निराळे नव्हते. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. त्यानुसार सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, आणि डॉक्टरांपैकी बहुसंख्य पदवीधर नव्हे, तर अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केलेले परवानाधारक होते. दर ४०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तेथे दोन डॉक्टर, अशी शिफारस समितीने केली. आजच्या 'पीएचसी'चे मूळ तिथे आहे.

६/
मराठवाड्यातील अंतरे मात्र लवकर मिटली नाहीत. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली, म्हणजे मुक्तीनंतर तब्बल चाळीस वर्षांनी. तोवर मोठा दवाखाना लांब, एस.टी. मोजक्या, खर्च न झेपणारा. मला वाटते, 'जो इथेच काहीतरी करतो तोच खरा डॉक्टर' ही आपली समजूत त्या काळात घट्ट झाली. पुढे पाठवणारा डॉक्टर हात झटकतो आहे, असेच आपल्याला वाटत राहिले.

७/
आता कोकणात जाऊ, कारण डॉक्टरांच्या कर्तव्याविषयीचा भारतातील एक पायाभूत निवाडा तिथल्या एका अपघातातून आला. ६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी विशीतल्या एका तरुणाचे डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधून तो स्थिर केला. दुसऱ्या दिवशी रुग्णाची प्रकृती बरी असूनही त्यांनी सांगितले, पुण्याला न्या.

८/
८ मे रोजी त्यांनी योग्य स्प्लिंट मिळवून बांधले आणि रुग्णासोबत स्वतः टॅक्सीत बसून सुमारे २०० मैलांचा प्रवास केला. ९ मे रोजी पुण्यातील शल्यचिकित्सकाच्या दवाखान्यात हाड बसवण्यात आले. त्याच रात्री तो तरुण गेला. पुरेशी भूल न देता, अवाजवी जोर लावून हाड बसवले गेले, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. भरपाई मिळाली ३,००० रुपये, आणि अंतिम निकाल लागला १९६८ साली. पंधरा वर्षांनी!

९/
हाच 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' खटला. सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. अपेक्षा सर्वोच्च कौशल्याची नाही. वाजवी कौशल्याची आहे. लक्षात घ्या, पहिले कर्तव्य आहे 'हे माझ्या आवाक्यातले आहे का?' हा प्रश्न. पालशेतचे ते गावचे डॉक्टर त्या कसोटीवर पूर्ण उतरले होते.

१०/
पुढचे टप्पे थोडक्यात. १९९५ च्या 'व्ही. पी. शांता' निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. १९९६ साली मुंबईतील 'पूनम वर्मा' प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरला. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत देण्याचे बंधन घातले.

११/
कायदा मात्र घटनेनंतर येतो. त्याआधी आपल्या हाती चार साधे प्रश्न आहेत. डॉक्टरांनी तपासले का? काय झाले आहे ते समजेल अशा भाषेत सांगितले का? लिहून दिले का? आणि गरज होती तेव्हा वेळेत पुढे पाठवले का? 'किती सुया दिल्या' हा प्रश्न या यादीत नाही.

१२/
आजोबा आता डाव्या हाताने जेवतात. मध्यंतरी त्या पहिल्या डॉक्टरांकडे आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी मागचे काही काढले नाही. रक्तदाब पाहिला, गोळ्या लिहिल्या, पुढची तारीख सांगितली. त्या सायंकाळची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तुमच्याही घरात जुन्या चिठ्ठ्या, केसपेपर असतील तर रद्दीत देऊ नका. आपल्या भागातील वैद्यकसेवेचा इतिहास लिहायचा, तर तो याच कागदांवरून लिहावा लागेल. तुमच्या गावच्या डॉक्टरांची आठवण खाली जरूर लिहा. नावे नकोत, प्रसंग सांगा. 🙏