मारियामातेची मूर्ती कुठे आहे?

मैत्रिणींनो, जपानमध्ये 1614 साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. हळूहळू एकही पाद्री उरला नाही. तरी नागासाकीजवळच्या उराकामी गावची शेतकरी माणसं बाळांना गुपचूप बाप्तिस्मा देत, प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना शिकवत.

17 मार्च 1865 ला काहीजण नव्या ओउरा चर्चमध्ये आले. त्यांतल्या एका बाईनं फादर पेतिजाँना हळूच सांगितलं, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, मारियामातेची मूर्ती कुठे? अडीचशे वर्षांनी, बरं का!

पुढे छळ झालाच. तीन हजारांहून जास्त गावकरी हद्दपार झाले. 1873 ला बंदी उठली, वाचलेले परतले. गावच्या मुखियाच्या ज्या घरी पूर्वी त्यांना पवित्र चित्रावर पाय ठेवायला लावत, तीच जागा विकत घेऊन त्यांनी चर्च बांधलं.