सावळ्या त्वचेसाठी खनिज सनस्क्रीन : निवड कशी करावी?

सावळ्या माणसाला ऊन बाधत नाही, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. त्यात तथ्याचा अंश आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेचे नैसर्गिक संरक्षण सुमारे १३ एसपीएफ इतके, तर गौरवर्णीयांचे सुमारे ३ इतके भरले होते. म्हणूनच सावळी त्वचा सहसा लवकर भाजत नाही. मात्र ती लवकर डागाळते. गालांवरचे वांग, मुरूम बरा झाल्यावर मागे उरणारा काळा डाग, कपाळावर व मानेवर येणारा काळपटपणा या तिच्या खऱ्या तक्रारी आहेत. सनस्क्रीन निवडताना त्यांचाच विचार प्रथम व्हायला हवा.

गोव्यात हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. आपले राज्य साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. उन्हाळ्यात दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ही सर्वांत वरची श्रेणी होय. दिवसभर दुचाकीवर असणारे पायलट, रस्त्याकडेला बसणाऱ्या मासळीविक्रेत्या, किनाऱ्यावर राबणारे कामगार यांच्या चेहऱ्यावर हे ऊन वर्षभर पडत असते.

खनिज सनस्क्रीन म्हणजे काय?

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांपैकी एक किंवा दोन्ही घटकांवर आधारलेले सनस्क्रीन म्हणजे खनिज सनस्क्रीन. ही खनिजे आरशासारखी किरण परतवून लावतात, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती बहुतांश अतिनील किरण शोषून घेतात; परावर्तनाचा वाटा अगदी थोडा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात याच दोन घटकांना सुरक्षित व परिणामकारक ठरवले, तर इतर अनेक रासायनिक घटकांविषयी आणखी माहिती मागितली. याचा अर्थ ते घटक घातक आहेत असा नाही. परंतु संवेदनशील त्वचा, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी खनिज सनस्क्रीनला पसंती दिली जाते. वांग अनेकदा गरोदरपणातच उमटत असल्याने ही बाब महत्त्वाची आहे.

पांढरा थर का दिसतो?

टायटॅनियम डायऑक्साइड हेच भिंतींच्या पांढऱ्या रंगातही वापरले जाते. त्याचा अपवर्तनांक सुमारे २.५ ते २.७ असतो, झिंक ऑक्साइडचा सुमारे २, तर त्वचेचा १.४ ते १.५ च्या आसपास. हा फरक जितका मोठा, तितका प्रकाश अधिक विखुरतो आणि थर अधिक पांढरा दिसतो. गोऱ्या चेहऱ्यावर तो लपून जातो. सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखा उठून दिसतो. कण अतिसूक्ष्म केल्यास पांढरेपणा कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही.

याचा परिणाम दिसण्यापुरता राहत नाही. चेहरा विचित्र दिसू नये म्हणून सनस्क्रीन चिमूटभर लावले जाते किंवा ट्यूब कपाटातच पडून राहते. अशा वेळी वेष्टनावरील ५० एसपीएफला काहीच अर्थ उरत नाही.

डागांमागचा दृश्य प्रकाश

सावळ्या त्वचेबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सावळ्या व काळ्या त्वचेवर दृश्य प्रकाश टाकला असता गडद व दीर्घकाळ टिकणारा काळेपणा आला. गोऱ्या त्वचेवर तो आला नाही. म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्यातील निळा-जांभळा भाग, आपल्या त्वचेवर डाग गडद करतो. हा प्रकाश खिडकीच्या काचेतूनही आत येतो.

लावल्यावर पारदर्शक होणारे झिंक ऑक्साइड हा प्रकाश पुरेसा अडवत नाही. तो अडवतात आयर्न ऑक्साइडची लाल, पिवळी व काळी रंगद्रव्ये. गोव्याच्या लोहखनिजाला आणि चिऱ्यांना लाली देणारा हाच पदार्थ. सौंदर्यप्रसाधनांसाठी तो शुद्ध स्वरूपात तयार केला जातो. २०१४ मध्ये मेक्सिकोतील वांगाच्या रुग्णांवर ८ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना तेच औषध देण्यात आले होते. आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन वापरणाऱ्या गटात डाग अधिक फिकट झाले.

याचा सरळ निष्कर्ष असा की, सावळ्या त्वचेसाठी रंगयुक्त, म्हणजेच टिंटेड, खनिज सनस्क्रीन घ्यावे. तो रंग पांढरा थरही झाकतो आणि दृश्य प्रकाशही अडवतो.

वेष्टनावर काय पाहावे?

• घटकांच्या यादीत झिंक ऑक्साइड असावे. दीर्घ लहरींचे अतिनील किरण ते टायटॅनियमपेक्षा चांगले अडवते आणि कमी पांढरे दिसते.
• आयर्न ऑक्साइडचा उल्लेख शोधावा. तो अनेकदा केवळ रंगक्रमांकाने केलेला असतो : ७७४९१ म्हणजे लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. दृश्य प्रकाशासाठी एसपीएफसारखे सर्वमान्य मानक नसल्याने ही यादीच विश्वासार्ह खूण ठरते.
• एसपीएफ ३० किंवा अधिक असावा. ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के, तर ५० एसपीएफ सुमारे ९८ टक्के दाहक किरण अडवते. त्यामुळे ५० च्या पुढील आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.
• ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पीए’पुढे किमान तीन अधिकचिन्हे असावीत.
• ‘मिनरल’ असे ठळक लिहिलेल्या काही उत्पादनांत अव्होबेन्झोनसारखे रासायनिक घटकही असतात. ते टाळायचे असल्यास संपूर्ण यादी वाचावी.

रंगाची पारख

मनगटावर लावून रंग ठरवू नये. जबड्याच्या कडेला थोडे सनस्क्रीन लावावे, सुमारे १० मिनिटे थांबावे आणि दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात आरशात पाहावे. ओले असताना जुळणारा रंग वाळल्यावर बदलू शकतो. ‘सर्वांना शोभणारी’ एकच छटा बहुधा गव्हाळ वर्णासाठी बेतलेली असते; गडद सावळ्या त्वचेवर ती राखाडी किंवा गुलाबी दिसते. त्यामुळे तीन-चार छटा उपलब्ध असलेले उत्पादन निवडणे श्रेयस्कर. मनाजोगी छटा न मिळाल्यास नेहमीच्या सनस्क्रीनवर आयर्न ऑक्साइड असलेले, आपल्या वर्णाचे फाउंडेशन लावता येते.

किती व केव्हा?

तर्जनी व मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर काढलेल्या दोन रेघा चेहरा व मान यांसाठी पुरतात. एवढे एकदम लावणे जड वाटल्यास दोन थरांत लावावे. उन्हात असताना दर दोन तासांनी, तसेच घाम पुसल्यावर किंवा समुद्रस्नानानंतर ते पुन्हा लावावे. दमट हवेत पाण्याला टिकणारे उत्पादन अधिक उपयोगी पडते. रुंद काठाची टोपी, छत्री आणि पूर्ण बाह्यांचा कपडा यांची जागा मात्र कोणतेही सनस्क्रीन घेऊ शकत नाही.

सनस्क्रीनने काय होत नाही?

सनस्क्रीन माणसाला गोरे करत नाही आणि ते त्याचे कामही नव्हे. आपला मूळ वर्ण डागांविना एकसारखा राखणे एवढाच त्याचा हेतू. ‘उजळपणा’चे आश्वासन देणारे वेष्टन पाहून खरेदी करू नये. वांगावर कुणाच्या सांगण्यावरून फार्मसीतून स्टिरॉइडमिश्रित मलम आणणे तर धोक्याचेच. त्याने त्वचा पातळ होते आणि डाग पुन्हा उमटतात.

सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग विरळा आढळतो. आढळला तर बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली असतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसल्याने तेथे सनस्क्रीनचा उपयोग नाही. अशा जागी नवा, वाढणारा काळा डाग किंवा न भरणारी जखम दिसल्यास विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.