बाद फेरीत बचावाची जोडी कशी ठरते?

प्रो कबड्डीची बाद फेरी आली की पारावर एकच वाद रंगतो : सातात कोण घ्यायचा आणि कोपऱ्यावर कोण उभा करायचा? इथल्या बऱ्याच सामन्यांत हरला तो घरी. निवड चुकली तर पुढचा सामना मिळेलच असं नाही.

जोडीचं काम : कोपरारक्षक घोटा किंवा मांडी धरतो. मध्यरक्षक धडक देऊन चढाईपटूची परतीची वाट अडवतो. एकानं पाय धरला आणि दुसरा उशिरा आला तर दोघेही बाद होऊ शकतात. म्हणून जाणकार म्हणतात, नावापेक्षा सवयीची जोडी बरी.

बदल कधी : समोरचा चढाईपटू कुठल्या बाजूनं आत शिरतो, हे बघून माणूस बदलावा लागतो. पाच राखीव खेळाडू त्यासाठीच असतात. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो. ही अव्वल पकड. तिथं उतावळा गडी घात करतो.

उदाहरण : १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपद घेतलं. पुण्याकडचा इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शादलू पुढच्या हंगामात हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता ठरला. माणूस मोठा की जोडी, हा वाद त्यामुळं मिटलेला नाही.

गावच्या संघानं एवढं करावं : जोडी स्पर्धेच्या दिवशी जुळवू नये, महिनाभर आधीपासून एकत्र खेळवावी.