मुंबईच्या पाडलेल्या गल्ल्या आणि ताडीचे पिठे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, ओव्या आणि वर्षाचा अहवाल हे असतेच. यंदा चार पाने इतिहासालाही द्यावीत, असे कार्यकारिणीतील भगिनींनी ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. वाचनाची आवड आहे, एवढेच. मुंबई शहराच्या जुन्या गल्ल्या कशा गेल्या हा विषय मी निवडला, याचे कारण वाचकभगिनींना लेखाच्या शेवटी कळेल. तूर्त इतकेच सांगते की मुंबईहून आग्ऱ्याकडे जाणारा जुना रस्ता आपल्या पडघ्यावरून जातो, आणि रस्ता गावाला काय देतो व गावाकडून काय घेतो हे आपल्याला नवे नाही.

मुंबईतील पहिली मोठी पाडापाड किल्ल्याची झाली. इंग्रजांच्या वस्तीभोवती तटबंदी होती. लोक तिला ‘कोट’ म्हणत. अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट हे तिचे तीन दरवाजे. सर बार्टल फ्रियर हे १८६२ साली गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत हा तट पाडण्यात आला. तट गेला, पण चर्चगेट आणि बाजारगेट ही नावे लोकांच्या तोंडी राहिली. योगायोग असा की गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ सालीच प्रसिद्ध झाले. शहर बदलत असतानाच एका मराठी माणसाने ते लिहून ठेवले, हे आपले केवढे भाग्य!

तटाबाहेरची मुंबई म्हणजे तेव्हा नारळी-ताडांच्या वाड्यांची मुंबई. फणसवाडी, कांदेवाडी, चंदनवाडी, ताडवाडी ही नावे आजही त्याची साक्ष देतात. या झाडांवर भंडारी समाजाचे पोट होते. नारळाची माडी आणि ताडाची ताडी काढावी आणि झाडाजवळच्या झोपडीत विकावी, अशी ही जुनी रीत. गिऱ्हाईक कोळी, हमाल, गाडीवान, गिरणीकामगार असे कष्टकरी. तेथे सुखदुःख बोलले जाई, काम कोठे निघाले आहे तेही कळे. दारूपायी घरे कशी मोडतात हे बायकांना कोणी सांगायला नको, तेव्हा मी या दुकानांचे कौतुक करीत नाही. परंतु ती का गेली आणि त्यांच्या जागी काय आले, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारीचा कायदा झाला. झाड छेदायला परवाना आणि झाडागणिक कर आला. दारू गाळण्याचे काम सरकारने ठरवलेल्या भट्ट्यांकडे आणि विकण्याचे काम मक्तेदारांकडे गेले. आपल्या ठाणे जिल्ह्यासाठी उरणच्या भट्ट्यांची मोहाची दारू येऊ लागली. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच बंधन आले. आपल्याकडच्या ठाकूर-कातकऱ्यांना मोह हे खाण्याचेही फूल होते, पण कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. अशा रीतीने झाडाखालची झोपडी मागे पडली आणि परवान्याचा पिठा रस्त्यावर आला. सरकारच्या तिजोरीत भर पडली. पिणाऱ्याचे पिणे मात्र थांबले नाही, आणि महाग झालेल्या पेल्याचे पैसे गेले ते घरच्या पिठामिठातूनच.

हे चालू असतानाच १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीचा ताप आढळला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे ओळखले. मग जी पळापळ झाली तिला सीमा नव्हती. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. प्लेगचे अधिकारी घरोघर शिरून झडती घेऊ लागले. घरातल्या स्त्रीला परक्या पुरुषाने तपासावे हे कोणत्याही जातिधर्माच्या कुटुंबाला सोसण्यासारखे नव्हते. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका विणकर कुटुंबातील आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली, ती यामुळेच.

रोगाचे मूळ अंधाऱ्या, कोंदट गल्ल्यांत आहे असे सरकारचे मत झाले. उंदीर आणि पिसू यांचा संबंध तेव्हा डॉक्टरांनाही नीट पटला नव्हता. १८९८ साली, व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या दिवसांत, कायदा होऊन मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा शहराच्या पोटात नेण्यासाठी दाट वस्तीतून रुंद रस्ते काढावयाचे, ही त्याची मुख्य कल्पना. नागपाड्यापासून आरंभ झाला. पुढे प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे रस्ते निघाले. प्रिन्सेस स्ट्रीट काढताना कावेल या जुन्या वस्तीचे दोन तुकडे झाले. मूळची कोळ्यांची आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या लोकांची ही वाडी. ओटे, विहिरी, देवळे, क्रूस, कोपऱ्यावरचे ताडीचे दुकान अशा गोष्टींनी बनलेल्या वस्त्यांतून एकदा मोजणीची दोरी ताणली गेली की मध्ये येईल ते जाई.

हे काम वाईटच होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रकाश आला, गटारे आली. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहतीही ट्रस्टनेच आखल्या. आग्रीपाडा, परळ येथे चाळी बांधल्या. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षे राहिले. परंतु पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. रुंद रस्त्यालगत नव्या इमारती उठल्या, त्यांचे भाडे जुन्या गल्लीतल्या हमालाला परवडणारे नव्हते. तो शेजारच्या गल्लीत गेला आणि ती गल्ली अधिकच कोंदट झाली. पिठाही त्याच्यामागून तेथे गेला. मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली ती १ ऑगस्ट १९३९ रोजी; तीही लोकांच्या चळवळीमुळे, रस्त्यांच्या रुंदीमुळे नव्हे. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

विलायतेतही तेव्हा हेच चालले होते. लंडनमध्ये होलीवेल स्ट्रीट, विच स्ट्रीट या जुन्या गल्ल्या त्यांतील मद्यगृहांसह पाडून किंग्जवे हा रस्ता काढला. तो १९०५ साली खुला झाला. परंतु तेथे एक गोष्ट घेण्यासारखी घडली. ऑक्सफर्ड आर्म्स नावाची एक जुनी पांथस्थांची खाणावळ पाडली जाणार असे कळताच, १८७५ मध्ये काही लोकांनी खटपट करून तिची छायाचित्रे काढवून घेतली. ग्लासगो शहरात तर गल्ल्या पाडणाऱ्या ट्रस्टनेच टॉमस ॲनन या छायाचित्रकाराकडून त्या गल्ल्यांची चित्रे आधी काढून घेतली. इमारती गेल्या, पण त्या कशा होत्या हे आजही दिसते. मात्र त्या चित्रांतल्या दारात उभ्या असलेल्या बायकांची नावे कोणी लिहिली नाहीत.

आता आपल्या गावाकडे वळते. नाशिकचा महामार्ग रुंदावला, भिवंडी तालुक्यात जागोजागी गोदामे उभी राहिली, आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या शेजारच्या आमण्याला येऊन संपतो. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मुलांना कामे मिळावीत, आजाऱ्याला लवकर दवाखाना गाठता यावा, हे कोणाला नको आहे? पण आखणी करणाऱ्याच्या कागदावर जमिनीचा गट क्रमांक असतो. भाड्याने राहणारे कुटुंब, ओट्यावर भाजी विकणारी बाई, पाणवठा, शेजार हे त्यावर नसते. मुंबईत ज्यांची घरे गेली त्यांच्यापैकी भाडेकऱ्यांचा हिशेब कमी लागला, तो यामुळेच.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पुढील वर्षी मंडळाने एक वही घालावी. प्रत्येक आळीतील दोघी-तिघींनी आपल्या आळीचे नाव, ते कसे पडले, विहिरी कोठे होत्या, कोणत्या घरात कोण राहते आणि मालकीने की भाड्याने, हे विचारून लिहावे. सासूबाई, आजेसासूबाई आहेत तोवर त्यांना विचारावे. ज्यांच्याकडे जुनी छायाचित्रे असतील त्यांनी मागे नावे घालून ठेवावीत. उद्या एखादा अधिकारी मोजणीची दोरी घेऊन आला, तर मागील पिढीच्या मुंबईकर बायकांपाशी जे नव्हते ते आपल्यापाशी असेल. येथे कोण राहते हे आपण त्याला कागदावर दाखवू शकू.

वहीच्या कामाला माझा वेळ आहे. ज्या भगिनींना यात यावयाचे असेल त्यांनी मंडळाच्या पुढील सभेत नावे द्यावीत.