एकविसावे गुणसूत्र : एका क्रमांकाचा इतिहास

डाउन सिंड्रोमचे निदान करणाऱ्या अहवालावर, तो मुंबईतील असो वा गुवाहाटीतील, ‘४७, एक्सएक्स, +२१’ अशी एक त्रोटक ओळ आढळते. एकूण गुणसूत्रे ४७, लिंग स्त्री आणि एकविसावे गुणसूत्र एक अधिक, हा तिचा अर्थ. ही भाषा आज जगभर एकच आहे. ती घडण्यास सुमारे अर्धे शतक लागले, आणि त्या काळातील एक चूक तिच्यात अजूनही शाबूत आहे.

१९२३ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ थिओफिलस पेंटर यांनी मानवी पेशीत ४८ गुणसूत्रे असल्याचे नोंदवले. ऊतीच्या पातळ कापांत गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली दिसत, त्यामुळे मोजणी कठीण होती. तरीही हा आकडा तीन दशके पाठ्यपुस्तकांत टिकला. १९५२ मध्ये टी. सी. श्यू यांनी पेशी सौम्य क्षारद्रावणात फुगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पेशी फुगली की आतील गुणसूत्रे सुटी होऊन पसरतात. या पद्धतीच्या साहाय्याने १९५६ मध्ये स्वीडनमधील लुंड येथील संशोधनातून जो हिन त्यो आणि आल्बेर्ट लेव्हान यांनी खरी संख्या ४६ असल्याचे दाखवले. १९५९ मध्ये पॅरिस येथे लेज्यून, गोतिए आणि त्युर्पिन यांना डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत एक लहान गुणसूत्र जास्त आढळले.

संख्या निश्चित झाली, तरी नावे निश्चित नव्हती. प्रत्येक प्रयोगशाळेची क्रमांक देण्याची रीत निराळी होती. १९६० मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे भरलेल्या परिषदेत समान पद्धत ठरली. लांबी आणि गुणसूत्रबिंदूचे स्थान पाहून २२ जोड्यांना उतरत्या क्रमाने १ ते २२ हे क्रमांक मिळाले. एक्स आणि वाय स्वतंत्र राहिले. जोड्यांचे सात गट झाले. पुढे ते ‘ए’ ते ‘जी’ या अक्षरांनी ओळखले जाऊ लागले.

मात्र एकाच गटातील गुणसूत्रे परस्परांपासून वेगळी ओळखता येत नसत. ‘जी’ गटातील २१ आणि २२ जवळपास सारखीच दिसत. काही निरोगी व्यक्तींमध्ये या गटातील दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडलेली असतात. ती २१ आणि २२ असतील, तर निरोगी अपत्य होऊ शकते. दोन्ही २१ असतील, तर जन्मणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अपत्यास डाउन सिंड्रोम असतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जोडण्या एकसारख्या दिसत असल्याने पालकांना निश्चित उत्तर देणे अवघड होते.

हा पेच पट्ट्यांनी सोडवला. स्वीडनमध्ये टोर्ब्योर्न कॅस्पर्सन, लोरे झेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्विनाक्रिन गटातील प्रतिदीप्त रंजक वापरले, तेव्हा प्रत्येक गुणसूत्रावर उजळ व मंद पट्ट्यांची स्वतंत्र नक्षी उमटली. १९७१ च्या पॅरिस परिषदेत पट्ट्यांना क्रमांक देण्याची पद्धत मान्य झाली. तिच्यावरच आजची आंतरराष्ट्रीय नामपद्धती उभी आहे.

पट्ट्यांमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. डाउन सिंड्रोमशी निगडित गुणसूत्र २२ पेक्षा आखूड होते. आजच्या मापाने त्यात सुमारे ४.५ कोटी बेसजोड्या आहेत, तर २२ मध्ये सुमारे ५.१ कोटी. लांबीच्या नियमानुसार त्यास २२ हा क्रमांक मिळावयास हवा होता. परंतु तोवर ‘ट्रायसोमी २१’ ही संज्ञा वैद्यकात रुळली होती; क्रमांकांची अदलाबदल केली असती, तर जुना प्रत्येक अहवाल उलट अर्थाने वाचला जाण्याचा धोका होता. म्हणून क्रमांक तसेच ठेवले गेले. आजही कोणत्याही कॅरिओटाइपमध्ये लिंगगुणसूत्रे वगळता अखेरची जोडी तिच्या आधीच्या जोडीपेक्षा मोठी असते.